डावी बाही

स्वेटरचं माप द्यायला उभा राहिलेला माणूस श्वास कोंडून पोट आत ओढतो. लोकरताई टेप हातात धरून तशीच थांबते, त्याचा दम संपायची वाट बघत. "झालं? सोडा आता. स्वेटर तुमच्या पोटाला घालायचाय, फोटोला नाही." माणूस ओशाळं हसतो, पोट जागेवर येतं आणि मग ती माप घेते.

ती आमच्या वरच्या मजल्यावर राहते. दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून विणायचं यंत्र आहे: सुयांची लांब रांग आणि तिच्यावरून इकडून तिकडे सरकवायची लोखंडी मूठ. मूठ सरकली की खर्रर्र असा आवाज होतो आणि तो आमच्या छतातून खाली येतो. इमारतीत नवीन भाडेकरू आले की काही दिवस त्या आवाजाची तक्रार करतात. मग त्यांच्याच घरात कुणाला तरी स्वेटर हवा असतो, आणि तक्रार बंद होते. शाळांचे स्वेटर ती यंत्रावर करते. ज्याच्याशी तिचं जमतं त्याचा हातानं. तिनं तुम्हाला हातानं विणून दिला की समजायचं, आपण तिच्या घरचे झालो.

तिचा नवरा लवकर गेला. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. मुलगा सैन्यात होता, तो तिकडेच मारला गेला. त्याला पाच वर्षं होऊन गेली. माझाही मुलगा सैन्यात आहे. त्यामुळे आम्हा दोघींचं मेतकूट जमलं असं लोकांना वाटतं. खरं म्हणजे सुरुवातीला त्याच कारणानं आम्ही एकमेकींना टाळत होतो. जिन्यात ती दिसली की मी चपला शोधत दारातच रेंगाळायची. मला बघून तिच्या मनात काय यायचं ते मी कधी विचारलेलं नाही.

तिचा मुलगा जन्मला तेव्हा मुठीएवढा होता, म्हणून टिल्लू. पुढे दाराच्या चौकटीला कपाळ आपटेपर्यंत वाढला, तरी टिल्लूच राहिला. शाळेत असताना तो कुंपणाच्या भिंतीवरून पडला आणि डावा हात कोपरात मोडला. हात बरा झाला, त्यानं तो कसाही वापरला, ओझी उचलली, भरतीच्या तपासणीत पारही पडला. पण कोपर अगदी कणभर वाकलेलं राहिलं. बघणाऱ्याला दिसत नसे. दिसायचं ते फक्त लांब बाहीत. दोन्ही बाह्या सारख्या विणल्या की डावी त्याच्या तळहातावर लोंबायची. म्हणून ताई त्याची डावी बाही दोन बोटं आखूड विणायची. कपडे घडी करताना टिल्लू ती मुद्दाम उजवीशेजारी धरून दाखवायचा. "आई, या बाह्या दोन वेगवेगळ्या माणसांच्या आहेत. दुसऱ्याचं काय केलंस?"

त्याची बदली थंडीच्या ठिकाणी झाली तेव्हा तिनं गणवेशाच्या रंगाची, हिरवट मातकट लोकर आणून त्याला स्वेटर विणायला घेतला. तो अर्ध्यावर असताना त्याचा फोन आला. "आई, आणखी एक कर. माझ्या शेजारच्या खाटेवर एक काडी राहते. या थंडीत मोडेल ती."

काडी म्हणजे त्याचा मित्र. इतका बारीक की सगळी तुकडी त्याला त्याच नावानं हाक मारायची. त्याचं माप टिल्लूनं बुटाच्या नाडीनं घेतलं आणि नाडीला गाठी मारून तीच पाकिटात घालून पाठवली: एक गाठ छातीची, एक लांबीची, एक बाहीची. ताईनं फोन करून झापलं, "अरे, छातीची गाठ चुकली बघ. एवढी छाती माणसाची नसते." टिल्लू म्हणाला, "चुकली नाही. माणूसच तसा आहे." तिनं दोन्ही स्वेटर एकाच लोकरीचे, एकाच विणीचे केले आणि एकाच पार्सलनं धाडले.

पुढच्याच थंडीत ते दोघं एकाच गाडीत होते आणि दोघंही गेले.

टिल्लूची पेटी आली ती बंदच. उघडू नका असं बरोबर आलेल्या अधिकाऱ्यानं हलक्या आवाजात सांगितलं. ताईनंही हट्ट धरला नाही. खूप नंतर एकदा वाटाणे सोलता सोलता मला म्हणाली, "तेव्हा वाटलं, बरं झालं नाही बघितलं. आता वाटतं, हात तरी बघून घ्यायला हवा होता." आणि सोललेले वाटाणे टरफलांत टाकून टरफलं पातेल्यात टाकली. मी ते निवडत बसले.

काही दिवसांनी त्याची ट्रंक आली. ती तिनं खाटेखाली सरकवली आणि वर चादर सोडली. पुढच्या वर्षी मुलगी माहेरपणाला आली तेव्हा दोघींनी ती उघडली. मला वर बोलावलं होतं, कुलूप गंजलं होतं म्हणून. दाढीचं सामान, टॉवेल, टॉर्च, कोपरे झिजलेला पत्त्यांचा जोड, आणि खाली घडी केलेला स्वेटर. ताईनं तो उचलला, मांडीवर घेतला आणि दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या. विणलेला प्रत्येक स्वेटर ती अशीच बघते, हाताची सवय आहे तिच्या. बाह्या सारख्या होत्या.

"हा काडीचा आहे," ती म्हणाली.

मुलीला वाटलं, आईला सहन होत नाही म्हणून बोलतेय. ती म्हणाली, "आई, लोकर एकच, वीण एकच, धुऊन आटलाही असेल. दोन्ही तूच केलेस. राहू दे ना."

"विणले मी. घातले कुणी?"

मुलगी टॉवेलची घडी घालायला लागली. त्या घरात टिल्लूचे शर्ट होते, बूट होते, शाळेतली बॅटही होती. पण त्याच्या अंगाचा आकार कळेल असं काही असेल तर तो स्वेटर, आणि तो तिच्याकडे नव्हता. आलेला स्वेटर तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि तोंड दोऱ्यानं घट्ट बांधलं. मी म्हटलं, "धुऊन तरी ठेव." तर माझ्यावरच डाफरली. "त्याच्या आईनं हुंगायचाय तो. मी कोण धुणारी?"

त्यानंतरच्या सुट्टीत माझा मुलगा घरी आला तेव्हा ताईनं त्यालाही एक हातानं विणून दिला. तो परत जायच्या आधी मी धुवायला घेतला, तर गळ्याच्या आत, पाठीच्या बाजूला, एकच निळा टाका होता. चुकून निळा टाका पडत नाही, खूण म्हणून घातला तरच पडतो. मी तो स्वेटर पिळला, वाळत घातला.

तुकडीतून गेलेल्यांच्या घरच्यांना दर वर्षी एकदा बोलावतात. मोठा हॉल असतो, पुढे फोटोंची रांग, खाली खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर नावाची चिठ्ठी. भाषणं होतात, फुलं वाहतात, मग कागदी कपात चहा. ताई दर वर्षी एकटी जायची. गेल्या वर्षी तिचे गुडघे धरले होते म्हणून मी सोबत गेले. मला वाटलं होतं, तिथे सगळी रडारड असेल. तसं नव्हतं. बायका एकमेकींना गोळ्यांची नावं सांगत होत्या, नातवंडांचे फोटो दाखवत होत्या. आमच्या पुढच्या रांगेतली एक जण फोटोंकडे बघून शेजारणीला म्हणाली, "आमचे मागच्या वर्षी डाव्या टोकाला होते, यंदा मधे आणलेत. इथेही बदल्या सुटत नाहीत बघा." दोघी तोंडावर रुमाल धरून हसल्या.

ताईच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांच्यावर काडीच्या आईवडिलांच्या चिठ्ठ्या. ते कधीच येत नाहीत, असं ताईकडून कळलं; दर वर्षी तिला वाटायचं, यंदा येतील.

लोकांना जागा दाखवायला दाराशी तुकडीतला एक ड्रायव्हर उभा होता. ते दोघं गेले त्या दिवशी मागची गाडी तो चालवत होता. टिल्लूच्या फोनवर ताईनं त्याचं नाव पुष्कळदा ऐकलं होतं. चहाच्या वेळी तिनं त्याला गाठलं.

"ट्रंका कुणी भरल्या होत्या रे?"

तो एकदम ताठ उभा राहिला. "मी, आई."

"दोघांच्याही?"

"दोघांच्याही. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"दोन स्वेटर होते."

"होते. बाहेर दोरीवर वाळत होते, शेजारी शेजारी. काढून आणले आणि..." तो थांबला. "हाताला आला तो घातला, आई. चुकलं का काही?"

ताईनं त्याच्या हातातला कप काढून घेतला, कारण चहा त्याच्या बुटावर सांडत होता. "नाही रे बाबा. दोरीवरचे कपडे कुणाला ओळखू येतात? मला फक्त काडीच्या घरचा पत्ता दे."

थंडी पडल्यावर आम्ही गेलो. आधी बस, मग दुसरी बस, मग पायी. बसमध्ये ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि काय बोलायचं त्याची माझ्यावर तालीम करत होती. "सरळ सांगायचं. ट्रंका बदलल्या, हा तुमचा, तो आमचा. यात काय आहे? छत्र्या बदलतात की लोकांच्या." मी हो म्हणत होते. अर्ध्या वाटेवर म्हणाली, "आणि त्यांनी टाकून दिला असेल तर?" मी म्हटलं, नाही टाकणार. "तुला काय माहीत?" खरंच मला काही माहीत नव्हतं.

काडीचे वडील बटाट्यांच्या शीतगृहात कामाला होते. मोठी पत्र्याची इमारत, मागच्या अंगाला कामगारांच्या खोल्या. दार त्यांनीच उघडलं. उंच, रुंद खांद्यांचा माणूस. अंगात तो स्वेटर होता. कोपरं विटलेली, छातीशी एक जागा रफू केलेली. माझा दंड ताईनं इतक्या जोरात धरला की संध्याकाळपर्यंत दुखत होता.

"मी टिल्लूची आई," ती म्हणाली.

"टिल्लूची?" आतून काडीच्या आई आल्या, ओले हात पुसत. बारीक, चणीनं लहान, पायात मुलाचे असावेत असे मोठे मोजे. "अहो, आत घ्या त्यांना, दारात काय उभं केलंय! फोन आला की नुसता टिल्लू असा आणि टिल्लू तसा. मला तर वाटायचं, आमचा तिथे नोकरीला गेलाय की टिल्लूला सांभाळायला."

आम्ही बसलो. खोली स्वच्छ होती. स्टोव्हवर आधण, भिंतीवर गणवेशातला काडीचा फोटो, गळ्याशी कॉलर सैल. बाई आणि ताई जुन्या ओळखीच्या असल्यासारख्या बोलत सुटल्या. तुमचा घोरायचा का? आमचा दात खायचा. सुट्टीत आला की दिवसभर झोपायचा की नाही? मी ऐकत होते. ताई मधूनमधून स्वेटरकडे बघायची आणि नजर काढून घ्यायची.

वडिलांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी छातीवर हात फिरवला. "त्याचाच आहे. याच्यावर माझी नोकरी चाललीय म्हणा ना. आत बटाट्याच्या थप्प्यांमध्ये शिरलं की हाडं वाजतात. आमचे बाकीचे लोक दोन-दोन घालतात, मला हा एक पुरतो."

"त्यांनाच बसला तो," बाई म्हणाल्या. "म्हणजे बघा. घरून गेला तेव्हा यांच्या निम्मासुद्धा नव्हता. वाऱ्यानं उडेल असा. मी रोज विचारायची, जेवलास का? तो म्हणायचा, जेवलो. मला कधी पटायचं नाही. ट्रंक आली, यांनी हा अंगात घातला, आणि बसला! मग पटलं. चांगलं अंग धरलं होतं हो पोरानं."

"भरला होता," वडील म्हणाले. "सैन्यात खायला चांगलं देतात."

ताईनं पायानं पिशवी खुर्चीखाली ढकलली. मला ते दिसलं. एवढी ट्रंक, पत्ता, दोन बस, आणि ती आता काही न बोलता उठणार होती. तिनं माझ्याकडे बघितलंही, निघू या अशा अर्थानं. मी पर्स उचलली. खोटं कशाला बोलू, मलाही सुटल्यासारखं वाटलं.

बाई चहा ओतत होत्या. ओतता ओतता नवऱ्याच्या डाव्या मनगटाकडे मान उडवून म्हणाल्या, "फक्त केला होता मात्र गबाळ्या बाईनं. एक बाही आखूड! आता सैन्याला काय, ठेका दिला असेल कुणाला तरी, त्यांनी खपवला. विणताना लक्ष कुठे होतं देव जाणे. मीच पुढची पट्टी काढली आणि वाढवली. लोकर मिळाली नाही तशी, पण हात तरी झाकला."

मी आत्तापर्यंत बाहीकडे नीट बघितलंच नव्हतं. डाव्या मनगटाशी वेगळ्या रंगाची, तांबूस लोकर होती.

लोकरताईनं कप खाली ठेवला. "लक्ष होतं."

"कुणाचं?"

"त्या गबाळ्या बाईचं. मीच विणलाय तो. बाही आखूड केली कारण हात आखूड होता. माझ्या मुलाचा."

बाई हातात किटली घेऊन उभ्या राहिल्या. मग ताईनं सगळं सांगितलं, नाडीच्या गाठींपासून दोरीवरच्या स्वेटरपर्यंत. बसमध्ये केलेली तालीम काही उपयोगाला आली नाही, वाक्यं मागेपुढे झाली. पण त्यांना कळलं. वडिलांनी उजव्या हातानं डावं मनगट धरून ठेवलं होतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "तो आमच्या ट्रंकेत आलाय. त्यावर नाव होतं आमच्या मुलाचं."

"ट्रंकेवर होतं."

"आणि पाच वर्षांनी सांगायला आलात?"

"आजसुद्धा सांगणार नव्हते. उठतच होते," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तुम्ही माझ्या बाहीला नावं ठेवलीत म्हणून तोंडातून गेलं."

वडिलांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं ते रडले. पण ते हसले होते, आणि हसलो म्हणून स्वतःच दचकले होते. "हिच्या तोंडापायी हे होणारच होतं कधीतरी," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ते उठून मागच्या दारात गेले. तिथे आमच्याकडे पाठ करून त्यांनी स्वेटर डोक्यावरून काढला, सुलट केला, आणि परत येऊन ताईच्या हातात दिला. आतला सदरा पातळ होता.

ताईनं खुर्चीखालची पिशवी काढली. दोऱ्याची गाठ तिला सुटेना, मी दातांनी तोडली. बाईंनी स्वेटर बाहेर काढला, उलगडलाही नाही, तशाच घडीत तोंड खुपसलं आणि उभ्या राहिल्या. स्टोव्ह फुरफुरत होता. मी पुढे होऊन तो बंद केला, करण्यासारखं तेवढंच होतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी तो अंगासमोर धरला. त्यांच्या स्वतःच्या अंगाला जेमतेम झाला असता. "म्हणजे बारीकच होता," त्या म्हणाल्या.

ताईला सहज खोटं बोलता आलं असतं, लोकर आटते म्हणाली असती तरी चाललं असतं. ती म्हणाली, "बारीकच होता. मी फोन करून विचारलं होतं, माप चुकलं का म्हणून." मग वडिलांना म्हणाली, "बाही बघा पण. तुमच्या हाताला लावून बघा."

त्यांनी बाही खांद्याला लावली आणि खाली सोडली. पट्टी त्यांच्या बोटांच्याही पुढे गेली.

"माझ्यापेक्षा लांब आहे."

"मला तेव्हा वाटलं, टिल्लूनं ही गाठही चुकवली. नव्हती चुकवली."

"जाताना माझ्या कानाला लागत होता," वडील म्हणाले. त्यांनी बाही पुन्हा लावून बघितली. "ऐकलंस? उंच झाला होता."

बाईंनी मान हलवली. त्या अजून स्वेटरच्या छातीकडेच बघत होत्या. तेवढ्यानं त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही.

बाहेर शीतगृहाचा भोंगा वाजला. वडिलांची पाळी दुपारची होती. ते खुंटीवरचं जाकीट काढायला लागले, तर बाई नेहमीच्या सुरात म्हणाल्या, "त्याची चेन तुटलीय. चार महिने सांगतेय." मग आपणच ती चेन ओढून बघायला लागल्या.

ताई टिल्लूचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. तिनं आपला डावा हात त्या बाहीत घातला आणि तांबूस पट्टीतून बाहेर काढला. ती कशासाठी आली होती ते आता त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पाच वर्षांनी तो तिच्या हाताला लागला होता. तिनं हात बाहेर काढला आणि स्वेटर वडिलांपुढे धरला.

"घाला."

"नाही, नाही. तुमचा आहे तो."

"माझाच आहे. कुठे पळून जातोय? बटाटे थांबणारेत का? नवीन विणून पाठवते तुम्हाला, तो आला की मग हा पाठवा."

"मी बाही होती तशी करून ठेवते," बाई घाईनं म्हणाल्या. "आत्ता लगेच उसवते, बसा."

"आत्ता नको. यांचे दोन्ही हात सारखे आहेत."

तिनं पर्समधून टेप काढली आणि त्यांचं माप घेतलं. छाती, लांबी, बाही, गळा. ते मान खाली घालून उभे होते. मग त्यांनी टिल्लूचा स्वेटर पुन्हा अंगात घातला आणि कामावर गेले.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. मी समजूत घालायची म्हणून काहीतरी सुरू केलं, तर हातानंच थांबवलं. गाव मागे पडल्यावर म्हणाली, "टाके वाईट नाहीत तिचे." आणि थोड्या वेळानं, "रंग मात्र काय निवडलाय! गाजरासारखा."

वडिलांचा स्वेटर तिनं हातानं विणला, जाड लोकरीचा. तोपर्यंत यंत्र बंद होतं. शाळेचा माणूस दोनदा येऊन ओरडून गेला. मला खाली शांत शांत वाटायचं आणि झोप लागायची नाही. पार्सल गेलं आणि उलट टपाली तिकडून एक आलं.

टिल्लूचा स्वेटर धुतलेला होता. बाईंनी स्वतःची तांबूस पट्टी पूर्ण उसवली होती आणि सुटलेले टाके पांढऱ्या दोऱ्यात नीट ओवून ठेवले होते. पुढचं विणलेलं नव्हतं. फोनवर म्हणाल्या, "मला माहीत नाही ना किती आखूड. तुमचं तुम्ही करा."

ताईकडे त्या लोकरीचा अर्धा गुंडा होता. मी वर गेले तेव्हा ती ते टाके सुईवर घेत होती. मनगटाची पट्टी विणायला घ्यायच्या आधी तिनं बाही मांडीवर सरळ पसरली आणि एका जागी अंगठा ठेवला. टेप यंत्रावर पडली होती.

"मोजत नाहीस?"

"कशावर मोजू?"

अंगठा तिनं जरा वर घेतला, पुन्हा जरा खाली. मग विणायला लागली. विणून झाल्यावर मी विचारलं, बरोबर आलीय का? तिनं दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवून बघितल्या. "बहुतेक," म्हणाली. तिच्या तोंडून विणकामाबद्दल मी हा शब्द कधी ऐकला नव्हता.

आता थंडीत ती तो घरात घालते. तिला तो गुडघ्यापर्यंत येतो. मी एकदा विचारलं, वास येतो का गं काही? म्हणाली, "बटाट्यांचा." मी म्हटलं, "टिल्लूला आवडायचे का बटाटे?"

"अजिबात नाही," ती म्हणाली आणि खो खो हसली.

काडीच्या आईचे फोन येतात. त्यांचा आवाज एवढा मोठा आहे की खाली आमच्याकडे कळतं. कधी दोघींच्या मुलांबद्दल, जास्त करून गुडघ्यांबद्दल. परवा मी लोकर धरायला वर बसले होते तेव्हा फोन आला. नवीन स्वेटर चांगला आहे, ऊबदार आहे, पण गळा घट्ट झालाय, डोकं आत जाताना त्यांचे कान ओढले जातात, अशी तक्रार होती.

"घट्ट?" लोकरताई उभीच राहिली. "माझा गळा आजवर कधी घट्ट झालेला नाही. त्यांचं डोकं मोठं असेल."

"डोकं काय आता वाढलं का?"

"मला काय ठाऊक? माप मी गळ्याचं घेतलं होतं. यंदा हॉलवर या दोघं. येताना तो घालूनच आणा त्यांना, मी बघते."

हॉलवर ते कधीच जात नाहीत, हे ताईला माहीत होतं.

"तिथे आम्हाला नाही बसवत हो," बाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता, मला कसाबसा ऐकू आला.

"मलाही नाही बसवत. शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या असतात, सारखं लक्ष तिकडेच जातं. या. गळा उसवायला सुया घेऊन येते मी."

"बघते, यांना रजा मिळते का," बाई म्हणाल्या. मग पुन्हा मूळ आवाजात, "पण घट्ट आहे हां, सांगून ठेवते."

ताईनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "हात वर धर, लोकर लोंबतेय."